गल्लीपासून दक्षिण आशियापर्यंत : स्वच्छतेचा सामायिक प्रश्न

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय संडास आणि गटार हा आहे. शिबिरात शिक्षणावर, रोजगारावर, कायद्यावर, संविधानावर बोलले जाते तेव्हा आपण वह्या उघडतो. संडास म्हटले की कोणीतरी हसते, कोणीतरी नाक मुरडते. पण रात्री संडासला जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या बाया आपल्या वस्त्यांत आहेत. पाळीच्या दिवसांत शाळा बुडवणाऱ्या मुली आहेत. पावसाळा लागला की जुलाब-काविळीने आजारी पडणारी लेकरे आहेत. शिक्षण, आरोग्य आणि स्त्रियांची प्रतिष्ठा हे आपले आवडते विषय या एका दरवाजातून जातात. म्हणून आज या दरवाजाबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वच्छतेची सोय म्हणजे नुसते शौचालय नव्हे. घरातले भांडे हा त्या साखळीचा पहिला दुवा. मैला कुठे साठतो, खड्ड्यात, सेप्टिक टँकमध्ये की गटारात, हा दुसरा. तो कोण आणि कसा उपसतो हा तिसरा. शेवटी त्यावर प्रक्रिया होते की तो नाल्यात, नदीत, खाडीत जातो, हा चौथा. यातला एक दुवा तुटला तरी घाण परत आपल्याकडेच येते, कधी पिण्याच्या पाण्यातून, कधी लेकरांच्या हातातून.

आपल्या घरांत तहारतीचे संस्कार पक्के असतात. वुजू कसा करायचा, कपड्याला काय लागले तर तो पाक कसा करायचा, हे लहानपणीच शिकवले जाते. पण आपली तहारत बहुतेक वेळा उंबरठ्याशी संपते. घरातली फरशी आरशासारखी आणि घरासमोर उघडे गटार, हे चित्र मालेगावात, भिवंडीत, मुंब्र्यात दिसते. आणि ते फक्त मुस्लीम मोहल्ल्यातच दिसते असेही नाही. दलित वस्तीत दिसते, स्थलांतरित मजुरांच्या झोपडपट्टीत दिसते. लाहोरमध्ये, ढाक्यात, काठमांडूच्या कडेच्या वस्त्यांतही दिसते.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. दक्षिण आशियातल्या अनेक शहरांना इंग्रजांच्या काळातल्या नगरपालिका मिळाल्या. त्यांची गटारे साहेबांच्या वस्तीपर्यंत पोहोचली, पुढे नाही. स्वातंत्र्यानंतर शहरे वाढली, गटारे त्या वेगाने वाढली नाहीत. मान्सून तोच, दाटीवाटीच्या गल्ल्या त्याच, आणि मैला साफ करण्याचे काम जन्मावर सोपवणारी जातव्यवस्थाही तीच. प्रश्न सारखे असल्यामुळे एका ठिकाणी सापडलेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते. आज मला हेच सांगायचे आहे. आपल्या देशांचे राजकारण एकमेकांकडे पाठ करून उभे असतानाही स्वच्छतेच्या क्षेत्रातल्या माणसांनी एकमेकांकडून शिकणे थांबवले नाही. त्याचा फायदा आपल्या महाराष्ट्रालाही झालेला आहे.

सुरुवात एका माणसापासून करतो. अख्तर हमीद खान. जन्म १९१४, आग्र्याचा. आयसीएस अधिकारी झाले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाने त्यांना हलवून सोडले आणि पुढे त्यांनी ती नोकरी सोडली. अलीगढजवळ मजुरी केली, कुलपे तयार करण्याचे काम केले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले. १९५९ मध्ये त्यांनी कोमिल्ला इथे ग्रामीण विकासाची अकादमी उभी केली. ते कोमिल्ला आज बांगलादेशात आहे. आणि १९८० मध्ये, वयाच्या पासष्टी-सहासष्टीत, त्यांनी कराचीच्या ओरंगी या अवाढव्य अनधिकृत वस्तीत काम सुरू केले. एका आयुष्यात तीन देश आले, आणि तिन्ही ठिकाणचा अनुभव ओरंगीत उपयोगी पडला.

ओरंगीत लोकांचा मुख्य त्रास सांडपाण्याचा होता. लोक म्हणत, हे सरकारचे काम आहे, सरकारने फुकट करावे. सरकार म्हणे, वस्ती अनधिकृत आहे, पैसे नाहीत. खानसाहेबांच्या ओरंगी पायलट प्रोजेक्टने लोकांसमोरचे चार अडथळे ओळखले. पहिला मानसिक : घर माझे, गल्ली सरकारची, ही समजूत. दुसरा सामाजिक : गल्लीतले लोक एकत्र येत नाहीत. तिसरा आर्थिक : ठेकेदाराचा दर परवडत नाही. चौथा तांत्रिक : उतार कसा काढायचा, पाइप कुठून कुठे न्यायचा, हे माहीत नाही.

मग त्यांनी गल्ली हे एकक धरले. वीस-तीस घरांची एक गल्ली. गल्लीने आपल्यातून एक जबाबदार माणूस निवडायचा, पैसे गोळा करायचे, काम स्वतः करायचे किंवा करवून घ्यायचे. संस्थेने मोजणी, नकाशा, खर्चाचा अंदाज आणि अवजारे द्यायची. लोकांच्या पैशाला संस्थेने हात लावायचा नाही. ठेकेदार आणि मधली टक्केवारी गेल्यावर खर्च इतका खाली आला की गरीब कुटुंबालाही तो झेपला. घरातले शौचालय, गल्लीतली भूमिगत नळी आणि मोहल्ल्याची जोडनळी लोकांनी करायची; मोठे नाले, मुख्य गटारवाहिनी आणि प्रक्रिया केंद्र सरकारने करायचे. पुढे हजारो गल्ल्यांनी आपली गटारे अशीच घातली.

यातला मुद्दा नीट समजून घ्या. सरकारला मोकळे सोडा, सगळे आपणच करू, असे ओरंगीने म्हटले नाही. आपल्या वाट्याचे काम करून दाखवल्यावर सरकारच्या वाट्याचे काम मागण्याची ताकद लोकांत आली. या कामात पुढे परवीन रहमान नावाची एक वास्तुविशारद आली. तिचा जन्म ढाक्याचा, १९७१ नंतर कुटुंब कराचीला आले. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांचे, नाल्यांचे नकाशे तयार केले. पाणी कुठे चोरले जाते, याचाही माग घेतला. १३ मार्च २०१३ रोजी कराचीत तिची गोळ्या घालून हत्या झाली. गटाराचा नकाशा काढणे हे किती राजकीय काम आहे, हे यावरून लक्षात येईल. जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि पाणी कोण विकतो, हे नकाशात दिसते. ते दिसलेले अनेकांना नको असते.

आता आपल्याकडे येऊ. १९८० च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन ही संघटना उभी केली. त्यांच्यात मुस्लीम बायकाही होत्या. स्पार्क ही संस्था आणि जोकिन अर्पुथम यांचे झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय महासंघटन त्यांच्यासोबत होते. या बायकांनी आपल्या झोपड्या मोजल्या, बचतगट केले, आणि सार्वजनिक संडास कसा असावा यावर स्वतः विचार केला. पुरुष-स्त्रियांची दारे वेगळी हवीत. लेकरांसाठी लहान, वेगळी जागा हवी, कारण मोठ्यांच्या रांगेत लेकरांना कोणी उभे राहू देत नाही. पाण्याची टाकी हवी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला वर राहायला खोली हवी, म्हणजे संडासवर कोणाचे तरी लक्ष राहील. या गोष्टी संडासच्या रांगेत रोज उभ्या राहणाऱ्या बाईला सुचतात.

पुण्यात १९९९ नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात महापालिकेने झोपडपट्ट्यांमध्ये चारशेहून अधिक शौचालय संकुले उभारली. ती बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम संस्थांकडे दिले. त्यात स्पार्क आणि महिला मिलनही होते. १९८८ पासून एशियन कोअॅलिशन फॉर हाउसिंग राइट्स या आशियाई मंचावर मुंबईचे हे कार्यकर्ते आणि कराचीचे वास्तुविशारद आरिफ हसन यांच्यासारखे ओरंगीशी जोडलेले लोक एकमेकांना भेटत, एकमेकांचे काम तपासत. कराची आणि मुंबई यांच्यामध्ये व्हिसाची भिंत आहे, तरी गटाराचा उतार कसा काढावा आणि बचतगट कसा चालवावा, हे ज्ञान ती भिंत ओलांडून जात राहिले.

तिसरे उदाहरण बांगलादेशाचे आणि ग्रामीण भागाचे. राजशाही भागात मोसमोइल नावाचे गाव आहे. साधारण १९९९-२००० च्या सुमाराला तिथे कमल कर हे भारतीय सल्लागार गेले. ते वॉटरएड आणि व्हर्क या संस्थांच्या कामाचे मूल्यमापन करत होते. अनुदान देऊन संडास बांधून दिले तरी लोक उघड्यावरच जातात, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी गावकऱ्यांनाच गावातून फिरवले, जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावला, कोण कुठे बसते हे दाखवायला लावले, आणि दररोज गावात किती मैला पडतो व तो पाण्यात, अन्नात कसा परततो याचा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घेतला. एकट्याने संडास बांधून भागत नाही, शेजारी उघड्यावर बसला तर माझ्या लेकरालाही जुलाब होणार, हे गावाने स्वतः शोधले. लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे बांबू, पत्रा, सिमेंटच्या कड्या वापरून संडास उभे केले.

महाराष्ट्रात तेव्हा काय चालले होते? १९९० च्या दशकाच्या शेवटी अनुदानातून लाखो शौचालये बांधली गेली होती. त्यातल्या अनेकांत सरपण आणि शेणी भरून ठेवलेल्या असत. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गाव हे स्पर्धेचे एकक झाले. त्याच काळात, २००२ च्या सुमाराला, महाराष्ट्रातले लोक बांगलादेशात जाऊन ही पद्धत पाहून आले आणि अहमदनगर व नांदेड जिल्ह्यांत तिचे प्रयोग झाले. ज्या बांगलादेशाचे नाव आपल्याकडे केवळ घुसखोरीच्या भाषणांत ऐकू येते, त्या देशाकडून महाराष्ट्र स्वच्छता शिकला. पुढल्या वेळी कोणी ते नाव शिवीसारखे वापरले, तर ही गोष्ट शांतपणे सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार बांगलादेशात १९९० मध्ये सुमारे ३४ टक्के लोक उघड्यावर शौचाला जात. २०१५ पर्यंत हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावाला लाज वाटावी, हे तिच्या मुळाशी होते. अनेक ठिकाणी त्या लाजेची जागा अपमानाने घेतली. आपल्याकडची गुड मॉर्निंग पथके आठवा. पहाटे शिट्ट्या वाजवणे, लोटा घेऊन निघालेल्या माणसाला हार घालणे, फोटो काढणे. ज्याच्याकडे जागा नाही, पाणी नाही, पैसे नाहीत, त्याचा अपमान करून स्वच्छता येत नाही. शेजाऱ्याकडून शिकताना त्याचे यश घ्यायचे आणि त्याच्या चुकाही पाहायच्या. नुसती नक्कल करण्यात सहकार्य नसते.

आता सरकारांच्या पातळीवर काय झाले ते पाहू. २००३ मध्ये ढाक्यात दक्षिण आशियाई देशांची स्वच्छतेवरची पहिली परिषद भरली. तिला साकोसान म्हणतात. अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान, भारत, मालदीव, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका हे या प्रक्रियेतले देश. त्यानंतर २००६ मध्ये इस्लामाबाद, २००८ मध्ये दिल्ली, २०११ मध्ये कोलंबो, २०१३ मध्ये काठमांडू, २०१६ मध्ये पुन्हा ढाका आणि २०१८ मध्ये पुन्हा इस्लामाबाद. पंधरा वर्षांत सात परिषदा. त्याच काळात सार्कची काय अवस्था झाली, हे तुम्हाला माहीत आहे. २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषद झालेलीच नाही. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली. मोठे राजकारण अडले, तरी संडासवरची परिषद भरत राहिली.

या परिषदांनी काय दिले? २००८ च्या दिल्ली जाहीरनाम्यात स्वच्छता आणि पिण्याचे पाणी हा मूलभूत हक्क असल्याचे या देशांनी मान्य केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने असाच ठराव केला तो २८ जुलै २०१० रोजी. म्हणजे या बाबतीत आपला प्रदेश जगाच्या दोन वर्षे पुढे होता. कोलंबोत शाळांमधली शौचालये आणि मुलींच्या मासिक पाळीच्या सोयी हा विषय जाहीरनाम्यात आला. एकेकाळी घरातही कुजबुजत बोलला जाणारा विषय मंत्र्यांच्या सहीने कागदावर आला, हे कमी नाही.

पण कागद आणि गल्ली यांच्यात अंतर आहे. जाहीरनामा पाळला नाही म्हणून कोणत्याही देशाला जाब द्यावा लागत नाही. आणि आपल्या सरकाराने शेजाऱ्यांसमोर काय कबूल केले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होते? नागरिकाला वचन माहीतच नसेल तर ते मोडले गेल्याचेही कळत नाही. हे अंतर भरण्याचे काम नागरी चळवळीचे आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित दुव्याकडे येतो. शौचालये बांधून झाली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण खड्डा भरल्यावर काय? सेप्टिक टँक साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. मी ज्या वस्त्यांत जातो तिथे विचारले तर उत्तर येते, आमची टाकी वीस वर्षांत भरलीच नाही. भरली नाही म्हणजे ती खालून झिरपते आहे किंवा तिची नळी थेट गटारात सोडली आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने यावर २०१८ पासून एक साधा उपाय सुरू केला. टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी ठरलेल्या क्रमाने प्रत्येक घराची टाकी उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. नाशिकच्या सिन्नरनेही हीच वाट धरली. बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, सगळीकडे आज हाच प्रश्न उभा आहे. वाईचा अनुभव उद्या टांगाइलला उपयोगी पडू शकतो आणि तिथला अनुभव मालेगावला.

टाकी उपसली जाते तेव्हा आत कोण उतरते? भारतात हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी गटारात गुदमरून माणसे मरतात, आणि ती बहुतेक दलित असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. पाकिस्तानात हे काम मोठ्या प्रमाणात गरीब ख्रिस्ती करतात, ज्यांचे पूर्वज सफाईकाम करणाऱ्या जातींतले होते. बांगलादेशात हरिजन वसाहतींतले लोक करतात. त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी भारतातून तिथे नेले होते. झेंडे वेगळे, पण गटारात उतरणारा माणूस एकाच व्यवस्थेने ठरवलेला.

आणि आपण मुसलमानांनी हात झटकू नयेत. इस्लाममध्ये जात नाही, असे आपण म्हणतो. मग हलालखोर, लालबेगी, मेहतर या बिरादऱ्या कुठून आल्या? मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला वाहून नेण्यासाठीच्या कराचे नावच हलालखोर कर होते. ज्याने आपली घाण उचलली त्याला आपण कष्टाची कमाई खाणारा असे सुंदर नाव दिले, पण दस्तरखानावर जागा दिली नाही, सोयरीक केली नाही. मोहल्ल्यातली स्वच्छता या माणसाच्या हक्कापासून वेगळी काढता येणार नाही.

आता तुम्ही काय करू शकता, याबद्दल चार कामे सांगतो.

पहिले, नकाशा काढा. आपल्या गल्लीतली घरे, संडास, टाक्या, नळ्या, चेंबर, नाला हे एका कागदावर आणा. टाकी शेवटची कधी उपसली, तेही लिहा. तुमच्या हातात मोबाइल आहे. ओरंगीच्या मुलांकडे फीतटेप आणि पेन्सिल होती. बायकांना विचारल्याशिवाय हा नकाशा पूर्ण समजू नका.

दुसरे, वाटणी ठरवा. गल्लीने काय करायचे आणि नगरपालिकेने काय करायचे, हे लिहून काढा. गल्लीच्या वाट्याचे एक काम, मग ते फुटलेले चेंबर का असेना, आधी करून दाखवा.

तिसरे, हक्काच्या भाषेत मागा. १९८० च्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला गटारे आणि सार्वजनिक शौचालये देण्याचे कर्तव्य टाळता येणार नाही. माहिती अधिकारात विचारा : आमच्या प्रभागात गटारांसाठी किती तरतूद, किती खर्च, सफाई कामगारांना कोणती सुरक्षा साधने दिली? आणि हे निवेदन फक्त मुस्लीम मोहल्ल्याचे असू नये. नाला ज्या ज्या वस्तीतून वाहतो, त्या सगळ्या वस्त्यांच्या सह्या त्यावर हव्यात. मशिदीतून, विहारातून, मंदिरातून, चर्चमधून माणसे एका निवेदनाखाली आली तर साहेबाला ते बाजूला ठेवणे जड जाते. मुस्लीम म्हणून आपल्या वस्त्यांची उपेक्षा होते, हे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले आहे आणि ते आपण म्हणत राहू. पण मागणी नागरिक म्हणून करू, शेजाऱ्याला सोबत घेऊन.

चौथे, शेजारी देशांतल्या तुमच्यासारख्या तरुणांशी बोला. उर्दू वाचणाऱ्यांना कराचीतला अनुभव थेट वाचता येतो, हे आपले भाषिक भांडवल आहे. या मासिकाची मराठी आणि दुसरी भाषा त्यासाठीच वापरू. मालेगावच्या एका गल्लीचा नकाशा, त्यातल्या अडचणी आणि खर्च छापून आला, तर तो नांदेडमध्ये वाचला जाईल आणि कदाचित खुलन्यातही.

प्रादेशिक सहकार्य हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर सूटबूट घातलेले मंत्री येतात. ते सहकार्य हवेच, आणि साकोसानसारखी प्रक्रिया जिवंत राहावी म्हणून आपण आवाजही उठवला पाहिजे. पण आज जे ऐकलेत ते कोणी घडवले? नोकरी सोडलेल्या एका अधिकाऱ्याने, फूटपाथवरच्या बायकांनी, राजशाहीच्या शेतकऱ्यांनी, नकाशे काढणाऱ्या एका वास्तुविशारद मुलीने. यांतल्या कोणाकडेही सत्ता नव्हती.

शिबिर संपवून घरी जाल तेव्हा या आठवड्यात एक काम करा. गल्लीतल्या पाच घरांत जाऊन विचारा की आपला मैला इथून पुढे कुठे जातो. उत्तर मिळाले नाही, तर तुमचे काम तिथूनच सुरू झाले आहे असे समजा.